एका शब्दावर चाललेलं घर

९ ऑगस्ट, चकलांबा

काल संध्याकाळी आम्ही दोघं बीडहून घरी आलो. कपडे दोनदा धुतले तरी दवाखान्याचा वास जात नाही. ह्यांचा उजवा हात अजून पडून आहे. पाय ओढत का होईना, उचलतात. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, बोलण्याची जागा तेवढी दुखावली आहे.

एक शब्द शाबूत राहिलाय. लाइन.

चहा हवा तरी लाइन, चहा नको तरी लाइन. उशी सरकली, लाइन. डास चावला, लाइन. डॉक्टर म्हणे असं होतं, झटक्यानंतर एखादाच शब्द मागे राहतो, कुणाची शिवी राहते, कुणाचं देवाचं नाव. मी म्हटलं, ह्यांची नोकरी राहिली. सगळी हयात लाइनमन म्हणून खांबावर चढण्यात गेली. शिव्याही भरपूर येत होत्या, त्यातली एकही कशी राहिली नाही कोण जाणे.

आणि मी इंग्रजीची बाई. एवढी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, घरात ह्यांनी कधी दाद लागू दिली नाही. आता ह्यांच्या तोंडात आहे ते इंग्रजीच. गाडीत हसू आलं. गेवराईच्या पुढे रडूही आलं. खिडकीकडे तोंड केलं.

११ ऑगस्ट

पुन्हा पुन्हा तो शब्द लिहायचा कंटाळा. आजपासून नुसतं ला.

रागाचा ला. आखूड. लाडाचा लांब. पोट भरलं की एक वेगळाच, सुस्त. मला ओळखता येतात असं मला वाटतं. आज पाणी दिलं, हवी होती खिडकी उघडी. पाणी माझ्याच साडीवर.

मान हलवतात, पण होच्या वेळी नाही आणि नाहीच्या वेळी हो. मग स्वतःवरच चिडतात.

१४ ऑगस्ट

बीडच्या थेरपीवाल्या मुलीने सांगितलं होतं, सराव घ्या. मी समोर बसले. म्हणा, पाणी. ला. पा–णी. ला. माझ्या ओठांकडे बघा. ला. (आखूड.) नुसती छडी हातात नव्हती. शेवटी हे भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्या वर्गात कुणी असं केलं असतं तर ह्या वयातही उभं केलं असतं. इथे मीच उठले आणि भाजी चिरायला घेतली.

१७ ऑगस्ट

शेजारची रुक्मिण दळणाचा डबा घेऊन दारात. "बाई, लाइन हाय का वो? का गेली?"

मी आत होते. हे पलंगावरून म्हणाले, लाइन.

"हाय म्हणत्यात," म्हणाली आणि गिरणीवर गेली.

महिनाभरात ह्यांचं कुणाशी सरळ झालेलं पहिलं बोलणं. हे इतके खूश की डाव्या हाताने मिशीवरून हात फिरवला. मी मुद्दाम विचारलं, काय चाललंय? ला. (लांब.)

२२ ऑगस्ट. पोळा

गल्लीतून बैल गेले. खुर्ची दारात ठेवली होती. जो तो थांबून, "काय आण्णा, कसं काय?" ह्यांचा शब्द ऐकला की लोक हसत नाहीत, तो धागा धरून पुढे बोलतात. हे मला फार बरं वाटलं. एक म्हणाला, "हाव, लाइन लई तरास देऊलाली, रातची न्हाईच." दुसरा म्हणाला, पोरगं लाइनला लागलं आण्णा, संभाजीनगरला कंपनीत घेतलं. तिसऱ्याला विहिरीपासून पाइपलाइन आणायचीय. गल्लीतल्या सोपानरावांनी आपलं नेहमीचं, रखडलेल्या रेल्वे लाइनचं काढलं. ह्यांनी चौघांना एकाच शब्दात उत्तर दिलं आणि चौघे समाधानाने गेले.

बसल्या बसल्या मनात ह्या शब्दाचे आणखी अर्थ येत राहिले. सरकारी दवाखान्यात लाइन लावतात, पोरं कॉलेजच्या फाटकाशी लाइन मारतात, गवंडी भिंतीला लाइनदोरी धरतो. लग्नाच्या बैठकीत विचारतात मुलगा कुठल्या लाइनीत आहे. ज्याचं कशात काही नाही त्याला सरळ लाइनवर आणू म्हणतात. गोऱ्यांनी इथे एवढा एक शब्द सोडला असता तरी आमचं भागलं असतं.

लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनीही विचारलं होतं, कुठल्या लाइनीत? हे म्हणाले होते, लाइनीवरच आहे. वडिलांना तो उद्धटपणा वाटला. मला आवडले तिथेच.

२५ ऑगस्ट

मनीचा पुण्याहून फोन. आमची एकुलती. तिच्या घराजवळ सेंटर आहे, रोज थेरपी होते, हाताचीही आणि बोलण्याचीही. "मम्मी, दिवाळी झाली की मी गाडी घेऊन येते. घर बंद करा, दोघंही चला. कायमचे." मी म्हटलं, बरं. मग म्हटलं, पप्पांना विचारायला पाहिजे.

"कसं विचारणार? काहीही विचारलं तरी ते लाइनच म्हणणार ना."

फोन स्पीकरवर होता. हे ऐकत होते. 

मनीचं चूक नाही. तिचा जीव तुटतोय. तिकडे सोय आहे, इथे मी एकटी त्यांना उचलते तेव्हा माझी कंबर धरते. पण जावं की राहावं ते ह्यांनी सांगायला हवं. घर ह्यांचं, गाव ह्यांचं, जीभही ह्यांचीच. दिवाळीच्या आत एक शब्द. हो किंवा नाही, कुठलाही, पण त्यांचा स्वतःचा.

३१ ऑगस्ट

माळ्यावरून शाळेतला जाड शब्दकोश काढला. अर्ध्या पानांना कसर. ह्यांच्या शब्दाला दोन पानं दिलीत, रांगेपासून वंशापर्यंत, सुरकुतीपासून सैन्याच्या फळीपर्यंत. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात मूळ. म्हणे लॅटिनमध्ये जवसाला लिनुम. जवसाच्या काडीचे तंतू म्हणजे वाख, त्या वाखाचा दोरा, दोरा ताणला की लिनिया, आणि तीच पुढे लाइन. लिननचं कापडही त्यातलंच. शिंपी ब्लाउजला लायनिंग लावू का विचारतो तेही त्यातलंच, कारण पूर्वी अस्तर त्या कापडाचं असायचं.

म्हणजे आपलं जवस. ज्याची चटणी मी लग्नापासून करतेय.

एवढी वर्षं शिकवलं आणि कधी बघितलं नव्हतं. ह्यांना वाचून दाखवलं. नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं. मग जवस भाजले, लसूण, तिखट, मीठ, चटणी कुटली आणि मऊ भाकरी दुधात कुस्करून कडेला बोटभर ठेवली. चाटली. म्हणाले, लाइन.

"बरोबर," मी म्हटलं. "आज पहिल्यांदा पैकीच्या पैकी."

हसले. तोंड एका बाजूनेच हसतं आता. मला तेही आवडायला लागलंय.

८ सप्टें.

सराव चालू, उपयोग शून्य. चित्रांचे पत्ते आणले मनीने पाठवलेले. सफरचंद, ला. मांजर, ला. विमान, ला. विमानाला निदान हवेत बघून म्हणाले.

मी चिडले. चिडून स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

१३ सप्टें.

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी गफूर आला. ह्यांचा जुना हेल्पर, आता स्वतः लाइनमन, गेवराईकडे असतो. ह्यांचा हात हातात घेऊन बसला. मग चहा. ओसरीतल्या मीटरपाशी गुणगुण ऐकू येतेय म्हणाला, "बाई, ह्या फ्यूजच्या कटआउटला ठिणगी पडायलीय, बघून घेतो." हे आत पलंगावर, गफूर ओसरीत, मधे भिंत. त्याने मेन स्विच खाली ओढला आणि सवयीने ओरडला, "आण्णा, लाइन बंद!"

आतून आवाज आला, "बंद."

स्पष्ट. खणखणीत. खांबावरून यायचा तसा.

मी कपबशा घेऊन जागच्या जागी. गफूर पाना हातात घेऊन तसाच. पंखा फिरत फिरत थांबला. गफूरने हळूच पुन्हा, "लाइन बंद, आण्णा?"

"बंद."

गफूर ओसरीत खाली बसला आणि रुमालात तोंड घालून रडला. मी रडले नाही. मला आधी पुढचं काय ते हवं होतं. त्याला म्हटलं, चालू म्हण. तो म्हणाला, थांबा बाई, काम तर होऊ द्या. काम झालं. "लाइन चालू, आण्णा." "चालू."

दोन शब्द.

१४ सप्टें.

काल काय झालं त्याचा उलगडा गफूरशी फोनवर बोलून झाला. त्यांच्या कामात खालचा डीपीपाशी म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, वरचा खांबावर, मधे शेत नाहीतर वस्ती. एकमेकांचं तोंड दिसत नाही. खालून जे सांगितलं ते वरच्याने परत म्हणायचं, म्हटलं तरच ऐकलं असं धरायचं. "त्याला इचार करावा लागत न्हाई बाई. कान अन् तोंड, मधी काईच न्हाई."

आणि मी महिनाभर समोर बसून ओठ दाखवत होते.

१६ सप्टें.

नवी पद्धत. मीटरपाशी उभी राहते, भिंतीआड. ओरडून: लाइन बंद. बंद. पाणी आणते. पाणी. भात झाला. भात. रुक्मिण कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "बाई, भांडलात का वो? कावून वरडायलात येवढ्या जोरात?"

समोर जाऊन तेच म्हटलं की पुन्हा ला. भिंत लागते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कळलं की आमचं भिंतीआडून चांगलं जमतं.

२१ सप्टें.

आज उगाच भांडण. रोज सराव संपताना मी ओरडते, माणूस खाली, लाइन चालू. गफूरनेच सांगितलं होतं, काम संपलं की असं म्हणतात. आज हे दमलेले, उत्तर येईना, म्हणून मीच दोन्ही म्हटलं, त्यांचंही माझंही. ह्यांनी ताट उडवलं. भात पलंगभर. डोळ्यांत असा राग मी क्वचितच बघितलाय.

वाईट वाटलं. रागही आला. भात मीच गोळा केला.

२२ सप्टें. घटस्थापना

गफूरला फोनवर विचारलं. तो हसला. तो कामाला नवाच लागला होता, मांजरसुंब्याकडे काम. हे वर खांबावर होते. बराच वेळ झाला, गफूरला वाटलं उतरले असतील, दिली लाइन. हे खरंच उतरले होते, लिंबाच्या झाडामागे बिडी ओढत होते. तिथून आले आणि ह्याच्या कानाखाली वाजवली.

"मी म्हणलं, आण्णा, तुमी तर खालीच हायत. तर म्हणले, हाय का न्हाई ते मी सांगणार. जो वर गेलाय त्यानंच चालू म्हणायचं. दुसऱ्यानं वाटून घ्यायचं न्हाई." मग ह्याला ढाब्यावर नेऊन पोटभर जेवू घातलं म्हणे, आणि जेवताना दुसरा नियम सांगितला. थांब म्हणायचा हक्क सगळ्यांना. कुणीही थांब म्हटलं की हात आहे तिथे ठेवायचा. कावून थांब, ते मागून विचारायचं.

फोन ठेवल्यावर ह्यांच्यापाशी जाऊन बसले. माफी मागितली. मनीला मी "बरं" म्हणून टाकलं त्याचीही. तेही वाटून घेणंच होतं. ह्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जरा जोरातच बसला, अंदाज नाही अजून.

२ ऑक्टो. दसरा

सोनं द्यायला सगळे येऊन गेले. रुक्मिणचं बिऱ्हाड दिवाळीच्या आधीच कोल्हापूरकडे कारखान्यावर जाणार, ऊसतोडीला. म्हणाली, आण्णा बोलायला लागले हे बघून जाते, जिवाला बरं वाटलं. उंबऱ्याबाहेरून हाक मारून, "येते, आण्णा!"

"येते," हे म्हणाले.

रुक्मिण हसून हसून पदर तोंडाला. मीही हसले. मग मनात आलं, हेच तर. जो शब्द टाकावा तो परत येतो. भरवलेला घासच परत. त्यांचा अजून एकही नाही.

९ ऑक्टो.

प्रयोग. भिंतीआडून. लाइन बंद. बंद. पुण्याला जायचं. "जायचं." पुन्हा. लाइन बंद. बंद. पुण्याला नाही जायचं. "नाही जायचं." दोन्ही तितकेच खणखणीत.

भिंतीला टेकून उभी राहिले जरा वेळ.

१५ ऑक्टो.

चालणं सुधारलंय. काठी घेऊन ओसरीपर्यंत जातात. समोरच्या खांबाकडे बघत बसतात. तो खांब ह्यांनीच उभा केलाय, वाकडा. वर्षानुवर्षं मी त्यावरून चिडवत आलेय. आज म्हटलं, बघा, वाकडी लाइन. ला. (आखूड.) अजून झोंबतं.

२४ ऑक्टो.

मनी आली. सासरची भाऊबीज उरकून तशीच निघाली, जावई बिचारा मागे पुण्यात. पप्पांनी भिंतीआडून "मनी" म्हटलं (मी ओरडले, मनी आली) तेव्हा ओसरीतच रडायला बसली. रात्री मी तिला सगळं सांगितलं, बंद, चालू, गफूरची थप्पड. ऐकलं. म्हणाली, "मग तर सेंटरला अजून लवकर सुधारतील, मम्मी." खरं आहे. मग म्हणाली, "मी काही वाईट करतेय का?" नाही ग. मुळीच नाही. तिचे केस विंचरून दिले. किती वर्षांनी.

२५ ऑक्टो.

सामान बांधलं. फ्रीज रिकामा. तुळस रुक्मिणच्या सासूकडे. जवसाच्या चटणीचा डबा मनीने बॅगेत सगळ्यात वर ठेवला. ह्यांच्यासमोर बसून मी सरळ विचारलं, भिंत नाही, ओरडणं नाही. उद्या जायचं का आपण? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. काहीतरी वर येत होतं आणि अडत होतं, मला दिसत होतं. शेवटी ला. आला, फार हळू. मी म्हटलं, असू द्या.

मनीला म्हटलं, अजून महिनाभर थांबू या का? तिची रजा संपतेय. तिकडे नंबर लागलाय. तिचंही बरोबर.

२६ ऑक्टो.

ओसरीत बसून लिहितेय. अर्ध्या बॅगा दारात, अर्ध्या गाडीत.

सकाळी सगळे तयार. गफूर निरोप द्यायला आला होता, एक पिशवी त्याच्या हातात. मनी ह्यांचा डावा दंड धरून उंबऱ्यापाशी. गाडीचं दार उघडं. घर बंद करताना आम्ही नेहमी मेन स्विच खाली करतो, ह्यांचा शिरस्ता. मी मीटरपाशी गेले, स्विचला हात घातला आणि सवयीने ओरडले, लाइन बंद.

बंद आलं नाही.

"थांब."

कुणी दिला नव्हता हा शब्द. मी नाही, गफूरने नाही, मनीने नाही. माझा हात स्विचवर तसाच.

मनी म्हणाली, "पप्पा? काय झालं?"

"थांब," पुन्हा. आणि डावा हात वर, तळवा आमच्याकडे.

गफूरने पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "थांबा ताई. आण्णांनी सांगितलंय." मनी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. कशासाठी, किती वेळ, विचारायला तोंड उघडलं तिने. आणि मिटलं. मग तिने त्यांचा दंड सोडला आणि खुर्ची आणून दिली.

तेव्हापासून हे खुर्चीत बसलेत, वाकड्या खांबाकडे तोंड करून. आजच्यापुरतं थांब की कायमचं, की नुसती टोपी राहिली होती, मला माहीत नाही. टोपी डोक्यावर आहे म्हणा. मनीने जावयाला फोन केला, हळू आवाजात, आणि आत जाऊन भात टाकला. गफूर गाडीतल्या बॅगाही उतरवू का विचारत होता. मी नको म्हटलं. आहे ते आहे तिथे असू दे.

मला खूप आनंद झालाय आणि भीतीही वाटतेय. त्यांना विचारलेलं नाही. जायचं की राहायचं, पुढचं चालू त्यांनीच म्हणायचं आहे. मेन स्विच अजून वरच आहे.